कात्रणवहीतून ब्राउझरमध्ये : वेबवरची पानं जपण्याच्या नोंदी

परळला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं वाचनालय आहे. तिथे कात्रणांच्या फायली आहेत : गिरण्या, बेस्ट, ट्राम, पाणी, पूर, भाडेकरू. पेपर कापायचा, कोऱ्या कागदावर खळीने चिकटवायचा, कोपऱ्यात तारीख आणि पेपरचं नाव लिहायचं. गिरण्यांची जाड फाइल १८ जानेवारी १९८२ च्या संपापासून सुरू होते आणि अजून संपलेली नाही. हे काम एक काकू कित्येक वर्षं करतात. मजकूर वेबवर जायला लागला तसं वेबवरचं खातं माझ्याकडे आलं. मी भांडुपहून रविवारी जातो, जमलं तर एखाद्या संध्याकाळीही. कुणाला असंच काम करायचं असेल तर या नोंदी वापरा. वाटेत झालेल्या चुकाही मुद्दाम ठेवल्या आहेत.

२४ मे २०२५, शनिवार

फायरफॉक्सवाल्या मोझिलाने परवा जाहीर केलं की पॉकेट, वेबवरचे लेख नंतर वाचायला साठवून ठेवायची सेवा, ८ जुलैला बंद. २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ म्हणून सुरू झालेलं, २०१७ मध्ये मोझिलाने घेतलेलं. माझी तिथे नऊ वर्षांची साठवण. पान आवडलं की ब्राउझरमधलं बटण दाबायचं आणि पुढे जायचं, ही सवयच लागली होती.

रात्री सगळी साठवण उतरवून घेतली. एक्सेलमध्ये उघडली. ११४० ओळी : शीर्षक, पत्ता, साठवल्याची तारीख, टॅग, वाचलं की नाही. बस. लेखातला एक शब्द नाही. यात कुणी मला फसवलेलं नाही. यादी उतरवली तर यादीच मिळणार. इतकी वर्षं मीच गृहीत धरून चाललो होतो.

काकूंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तू कात्रणं काढलीच नाहीस रे. कुठल्या पेपरात काय आलंय त्याच्या चिठ्ठ्या लिहून ठेवल्यास.”

२६ मे, सोमवार

आज पाऊस पोचला, मुंबईत गेल्या ७५ वर्षांत इतका लवकर आला नव्हता. ऑफिसने घरूनच काम करा म्हटलं. वरळीचं आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रोचं स्टेशन उघडून दोन आठवडे झाले आणि आज त्यात पाणी. काकूंचा निरोप आला, “पुराच्या फाइलसाठी काढ.” काढतो, पण कशाने, हेच तर ठरायचंय.

जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री मिळून यादीतल्या पहिल्या १०० लिंक हाताने उघडून पाहिल्या. ३१ गेलेल्या. त्यातल्या १२ तर साळसूदपणे उघडतात, पण संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. ही जात वाईट. पान मिळालं नाही असं स्पष्ट सांगितलं तर आपल्याला कळतं तरी. लिंक तपासणारं एखादं साधन लावलं असतं तर त्याने या १२ वर ‘चालू’ असाच शिक्का मारला असता. म्हणून हाताने.

३१ पैकी १९ इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबवरच्या पानांच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या संग्रहात, सापडल्या. त्यातलं एक जुनं मराठी पान युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांसाठी सगळीकडे एकच संकेत ठरण्याच्या, आधीचं निघालं. त्या काळी प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ. पान जपलं गेलं, वाचता मात्र येत नाही. बाजूला ठेवलंय.

१ जून, रविवार

काकूंसमोर बसून अटी लिहून घेतल्या. त्यांच्याच शब्दांत :

नेट नसताना उघडलं पाहिजे. फोटो हवा आणि फोटोखालची ओळही हवी, “ओळ नसेल तर तो फोटो कुणाचा हे वीस वर्षांनी तू सांगणार का?” कुठून घेतलं आणि कधी, ते पानावरच हवं. आणि दुकान बंद पडलं तरी आपलं कात्रण आपल्याकडे राहिलं पाहिजे.

शेवटच्या अटीने अर्धी यादी गळाली. खातं उघडा, आमच्याकडे साठवा, अशी जी जी सेवा होती ती बाजूला केली. चांगल्या आहेत, पण पॉकेटसारखंच ओम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलं, आता पॉकेट. तिसऱ्यांदा एक्सेल उघडून बसायची हौस नाही. एव्हरनोटमध्ये फुकट ५० टिपणं, आमची एक पुराची फाइलच त्याहून मोठी. तशाच कामाचं वालाबॅग स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, पण वाचनालयात सर्व्हर म्हणजे पंख्याखालचं चार जीबीचं विंडोज मशीन. संदर्भ जमवून ठेवणाऱ्या झोटेरोवर बराच वेळ अडलो. संशोधकांसाठी ते उत्तमच, पण ते उघडून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, “यात किती खिडक्या आहेत!” विषय संपला.

एक गोष्ट तपासायची हे आधीच ठरवलं होतं. पान साठवणारी एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधनं, बसवताना ब्राउझर परवानगी मागतो : सगळ्या संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे. पान साठवायचं तर ते वाचावंच लागणार, पण ती किल्ली कुणाच्या हातात जातेय ते बघा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढून टाकावं लागलं. लोकांनी पूर्वीच देऊन ठेवलेली परवानगी नव्या मालकाला आयती मिळाली. म्हणून आमच्या यादीत फक्त ज्यांचा कोड कुणालाही वाचायला उघडा आहे तीच.

३ ते ८ जून

हा आठवडा पाण्यात गेला, आणि पावसाच्या नव्हे.

मला वाटलं एक्स्टेन्शन हवंच कशाला. प्रिंट करा, पीडीएफ करा. कुठेही उघडतं, काकूंना ओळखीचं, छापताही येतं. पाच संध्याकाळी बसून ६० पानं केली. फाइल एकेक करून नावं दिली, फोल्डर लावले, खूश.

रविवारी काकूंनी विचारलं, “यात ‘गिरणी’ कुठे कुठे आलंय ते दाखव.” शोधलं. शून्य. पान समोर, शब्द समोर, मोठ्या टायपात, आणि शोध म्हणतो नाही. शब्द निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला तेव्हा कळलं : पहिली वेलांटी ग च्या आधी जाऊन बसली होती. पीडीएफ अक्षराचं चित्र कुठे काढायचं ते नीट लक्षात ठेवतं. अक्षरांचा मूळ क्रम राखेलच असं नाही. ऱ्हस्व वेलांटी दिसते डावीकडे, टंकली जाते अक्षरानंतर. इथे ती दिसली तशी साठली. जोडाक्षरांचं तर काही पाहू नका, ‘क्ष’ चा कुठे पत्ताच नव्हता. सगळ्याच पीडीएफ अशा निघत नाहीत, माझ्या ६० पैकी बाविसेक बऱ्या होत्या. पण कुठल्या बऱ्या ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही, मग उपयोग काय.

साडेअकरा तास वाया. ६० ही पानं तपासून बिघडलेली पुन्हा करावी लागणार.

१४ जून, शनिवार

लेखाचा नुसता मजकूर मार्कडाउन, म्हणजे साध्या अक्षरांच्या, फाइलमध्ये काढून देणारं एक एक्स्टेन्शन दिवसभर वापरलं. फाइल इवलीशी, शोध चोख, माझ्या स्वतःच्या वाचनासाठी मी ठेवून घेतलंय. लोकलमध्ये फोनवर छान वाचता येतं. पण फोटो फाइलमध्ये येत नाही, फोटोची लिंक येते. परत चिठ्ठीच. आणि दोन पानांवर फोटोखालची ओळ जाहिरात समजून गाळली गेली. काकूंची दुसरी अट नापास.

१५ जून, रविवार

सिंगलफाइल नावाचं एक्स्टेन्शन. बटण दाबलं की अख्खं पान, फोटो, रचना, फॉन्ट यांच्यासकट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये. खातं नाही, सर्व्हर नाही. नेटची वायर काढली आणि फाइल डबल-क्लिक केली, उघडली. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अगदी वर मूळ पत्ता आणि साठवल्याची तारीख. काकूंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुढे ओढून वाचलं आणि म्हणाल्या, “कोपऱ्यात लिहितो तसं.”

फाइल जड होते. फोटोतले दर तीन बाइट लिहायला चार अक्षरं लागतात, म्हणजे चित्रं एक तृतीयांशाने फुगतात. आमची पानं साधारण दोन ते सहा एमबीची निघाली, एक फोटोफीचर ३१ एमबी. चालेल. उद्या हे एक्स्टेन्शन बंद पडलं तरी फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडणारच आहे. ठरलं.

ठरलं म्हटलं आणि त्यानंतरच खऱ्या कटकटी सुरू झाल्या.

२२ जून, रविवार

आठवड्यात ४० पानं साठवली. आज एकेक उघडून बघितलं, १४ खराब. कारणं तीन.

एक : फोटोच्या जागी करडे चौकोन. हल्ली पान खाली सरकवू तसतसे फोटो येतात. न सरकवता बटण दाबलं तर काही फोटो आलेलेच नसतात. सिंगलफाइल मागे राहिलेले फोटो आणायचा प्रयत्न करतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आधी तळापर्यंत जा, चार सेकंद थांबा, वर या, मग बटण.

दोन : पण फार खाली गेलात तरी पंचाईत. बातम्यांच्या संकेतस्थळांवर एक बातमी संपली की खाली पुढची चिकटून येते, आणि वरच्या पट्टीतला पत्ताही गुपचूप बदलतो. माझ्याकडे बेस्टच्या डबलडेकरवरचा लेख (साधी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली) एका मालिकेतल्या नटीच्या लग्नाच्या नावाखाली साठला आहे. खाली तिचे फोटोही आहेत. आता लेख संपला तिथेच थांबतो आणि पत्ता वाचून मग साठवतो.

तीन, आणि हे सगळ्यात जिव्हारी लागलं : ‘पुढे वाचा’. पानावर दोन परिच्छेद आणि खाली ते बटण. साठवलेल्या पानात ते बटण दाबलं की काहीच होत नाही, कारण सिंगलफाइल पानातली स्क्रिप्ट, म्हणजे बटणं चालवणारा कोड, काढून टाकतं आणि न दिसणारा मजकूरही टाकून देतं. फाइल हलकी आणि निर्धोक राहावी म्हणून ते योग्यच आहे. पण मी सहा लेखांची फक्त शेपटं कापलेली पानं जपून ठेवली. आधी उघडा, मग साठवा. सहापैकी चार परत मिळाली.

२४ जून, मंगळवार

लाजिरवाणं. वर्गणी भरून वाचायच्या एका संकेतस्थळावरचं पान साठवून वाचनालयाच्या गटावर टाकलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘नमस्कार’ आणि माझं नाव, खाली वर्गणी कधी संपते ते. एक्स्टेन्शन आपल्याला जसं दिसतं तसं साठवतं, आपण लॉग-इन असू तर आपल्यासकट. एका आजोबांनी लगेच विचारलं, “वर्गणी किती पडते?”

दोन गोष्टी ठरवल्या. कात्रणांसाठी ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल, तिच्यात कुठलंही खातं उघडायचं नाही. आणि साठवलेली पानं गटावर टाकायची नाहीत. लेख दुसऱ्याचा आहे; वाचनालयात बसून वाचायला आणि टिपणं काढायला ठेवणं वेगळं, फुकट वाटत सुटणं वेगळं. काकू कागदी फाइलही कधी घरी देत नाहीत.

२९ जून, रविवार

फाइलींची नावं. फोल्डर उघडला तर ओळीने ‘मुंबई पाऊस अपडेट : लोकल सेवा विस्कळीत, हार्बर…’ आणि पुढे तुटलेलं. पाच फाइली, पाचही अशाच.

कारण शोधायला दुपार गेली. सिंगलफाइल नावाची लांबी १९२ बाइटवर कापतं. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘ग्रंथसंग्रहालय’ आपल्याला सात अक्षरांचा शब्द. आत चौदा चिन्हं, ४२ बाइट. म्हणजे अख्ख्या नावात असे चार शब्द मावतात आणि पाचवा तुटतो. त्यात मूळ साच्यात तारीख शेवटी येते आणि ती दिवस-महिना अशी, त्यामुळे फाइली लागतातही वेड्यावाकड्या क्रमाने.

सेटिंगमध्ये साचा बदलता येतो. मी असा केला : आधी वर्ष-महिना-दिवस, मग संकेतस्थळाचं नाव, मग शीर्षक. आता फाइली तारखेने लागतात आणि शीर्षक तुटलं तरी बिघडत नाही. लांबी वाढवायचा मोह टाळा. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की कॉपी करताना अडतं, ते मी पेनड्राइव्हवर नेताना भोगलंय.

काकूंनी साचा बघितला. “ही तू कापल्याची तारीख. छापल्याची कुठे आहे?” बरोबर आहे. ती कुठलंही एक्स्टेन्शन खात्रीने देत नाही, पानावरून बघून लिहावी लागते. त्यासाठी एक्सेलची एक नोंदवही केली : क्रमांक, छापल्याची तारीख, साठवल्याची तारीख, विषय, फाइलचं नाव. काकूंच्या जुन्या रजिस्टरचेच रकाने, फक्त ‘पान क्र.’ गेला.

६ जुलै, रविवार

आषाढी. काकूंनी साबुदाण्याची खिचडी आणली होती. ती खाऊन मशीन सुरू केलं आणि कात्रणांचा फोल्डर रिकामा.

झालं असं की ब्राउझर एक्स्टेन्शनला डाउनलोड्स फोल्डरच्या बाहेर लिहू देत नाही. फार तर त्याच्या आत उपफोल्डर करता येतो, तसा ‘कात्रणे’ केला होता. गुरुवारी काकूंचा भाचा आला, मशीन हळू चालतंय म्हणाला आणि प्रेमाने साफसफाई करून गेला. डाउनलोड्स म्हणजे कचरा, अशी त्याची समजूत. रिसायकल बिनही रिकामा केला, पोराने काम अर्धवट सोडलं नाही.

२१२ फाइली होत्या. रविवारच्या पेनड्राइव्हवर १८४. अठ्ठावीस गेल्या, नोंदवहीत पत्ते होते म्हणून संध्याकाळपर्यंत २५ पुन्हा साठवल्या. तीन पानं तेवढ्या आठवड्यात बदलली होती, बातमीत नवीन आकडे घालून जुने काढलेले. जुनी प्रत आता कुणाकडे असेल तर असेल.

दुरुस्ती : कात्रणांच्या प्रोफाइलचं डाउनलोडचं ठिकाणच बदलून डी ड्राइव्हवर नेलं. फोल्डरचं नाव ‘कात्रणे - हात लावू नये’. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, मला वाटलं व्हायरस आहे, सगळं एचटीएमएल होतं.”

८ जुलै, मंगळवार

पॉकेट बंद. ११४० पैकी ४१० पाहून झाली होती. काही वाटलं नाही, यादी तर हातात आहे.

१२ जुलै, शनिवार

काल रात्री पॅरिसहून बातमी, मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. काकू सकाळी दहालाच वाचनालयात. मी पोचेपर्यंत त्यांनी एकट्यांनी नऊ पानं साठवली होती : तळापर्यंत सरकवून, पत्ता वाचून, ‘पुढे वाचा’ उघडून. नऊच्या नऊ नीट. आजवरची सगळ्यात मोठी परीक्षा हीच होती आणि ती एक्स्टेन्शनने नाही, काकूंनी दिली.

मग त्यांनी ‘किनाऱ्या’ शोधला. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी यांचा भाग वेगळा काढायचा होता. नोटपॅड प्लस प्लसने फोल्डरभर शोध घेतला. तीन फाइली. आम्ही डोळ्यांनी सात मोजल्या.

पीडीएफचं भूत परत आलं की काय म्हणून पोटात गोळा. पण वेलांट्या जागच्या जागी होत्या. शेवटी एकेक चिन्ह सुटं करून बघितलं. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. कुणी खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त लावतं, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घालतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, शोधाला मात्र हे दोन वेगळे शब्द. दुसऱ्या, साऱ्या, कोऱ्या, संपकऱ्यांनी, सगळीकडे हेच. ‘ॲ’ चीही तीच गत : काही ठिकाणी एकच चिन्ह, काही ठिकाणी अ वर जोडून आणलेला चंद्र. आमच्या फोल्डरमध्ये ‘ॲप’ दोन आहेत, एकमेकांना न ओळखणारे.

मी दोन्ही रूपं एकदम शोधणारा साचा लिहायला बसलो. पाऊण तास. तोवर काकूंनी शोधात ‘किना’ एवढंच टाकलं आणि सातही फाइली काढल्या. दोन ठिकाणी ‘किनारपट्टी’ आली, ती डोळ्यांनी वगळली.

“अडतंय तिथे शब्द सोडून द्यायचा रे,” म्हणाल्या.

२० जुलै, रविवार

हिशेब. एक्स्टेन्शन फुकट. लॅमिंग्टन रोडवरून १२८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, घासाघीस करून १५००. एक वाचनालयाच्या कपाटात, एक माझ्याकडे भांडुपला. दर रविवारी अदलाबदल. वेळ ६० तासांच्या आसपास, त्यातले पीडीएफचे साडेअकरा आणि भाच्याचे पाच काढले तर बरं दिसतं. सध्या ३०६ फाइली, एक जीबीच्या थोडं वर.

जी पानं फार महत्त्वाची वाटतात त्यांची एक प्रत वेबॅक मशीनलाही द्यायची, असं ठरवलंय. त्यांचंही एक्स्टेन्शन आहे, पण पत्ता तिथे नेऊन चिकटवणं काकूंना सोपं वाटतं. सगळीच संकेतस्थळं त्याला आत घेत नाहीत, म्हणून आपली फाइल आधी.

राहिलेलं काम : पॉकेटच्या यादीतल्या ७०० वर लिंक, रविवारी ४० होतात. बिघडलेल्या ३८ पीडीएफ पुन्हा करायच्या, १९ झाल्या. युनिकोडच्या आधीचं ते पान कुणा जुन्या डीटीपीवाल्याला दाखवायचं. आणि काकूंना ‘किल्ले’ मधली दोन पानं छापून हवीत, त्यांनी खळ भिजत घातली आहे.